टायट्रेशनची रीडिंगं जुळत नाहीत, गुलाबी रंग टिकत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

प्रयोग तोच, दरवर्षीचा: टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून थेंबाथेंबाने सोडायचं आणि त्यावरून ताकद काढायची. कॉनिकल फ्लास्कमध्ये पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक आम्ल, दोन थेंब फिनॉल्फथॅलिन (आम्लात रंगहीन, अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या आणि खाली कॉक (तोटी) असलेल्या उभ्या नळीतून, सोडियम हायड्रॉक्साइड. लॅबमध्ये त्याला सगळे कॉस्टिक म्हणतात, मीही तेच म्हणतो. दोन्ही द्रावणं ०.१ नॉर्मल, म्हणजे सारख्या ताकदीची, असतील तर १० मिली आम्लाला १० मिली कॉस्टिक लागायला हवं. अकरावीची मुलं, बी.एस्सी. पहिल्या वर्षाची मुलं, नव्याने लागलेले लॅब असिस्टंट, सगळे याच प्रयोगाची तक्रार घेऊन येतात आणि कारणंही फिरून फिरून तीच निघतात. म्हणून एकदा क्रमाने लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं

तुमचं यातलं कुठलं आहे ते बघा.

- गुलाबी रंग येतो, फ्लास्क हलवला की जातो. परत एक थेंब, परत जातो.
- तीन रीडिंगं तीन तऱ्हेची: ९.६, १०.३, ९.९.
- पहिलं रीडिंग जास्त, पुढची एकेक पायरी खाली.
- तिन्ही रीडिंगं छान जुळतात, पण १०.० च्या जागी १०.५ वर.
- रीडिंग भलतंच: १४, किंवा २०.
- रंग येतच नाही, किंवा पहिल्याच थेंबाला येतो.
- फ्लास्कमधलं पाणी गढूळ, दुधाळ दिसतं.
- सकाळच्या बॅचला सगळं सुरळीत, दुपारच्या बॅचला तेच द्रावण बिघडलं.

कशालाही हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा. रीडिंगं विखुरलेली आहेत की एकजुटीने चुकलेली? विखुरलेली असतील तर दोष हातात किंवा काचेत असतो: डोळा, कॉक, पिपेट, धुणं. तिन्ही रीडिंगं एकाच चुकीच्या आकड्यावर येत असतील तर तुमचा हात चांगला आहे, दोष बाटलीत आहे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. रीडिंगं विखुरली की द्रावण ओतून देतात, नवं बनवतात आणि त्याच गळक्या ब्युरेटमध्ये भरतात.

मुळात बिघाड आहे का?

गुलाबी रंग कायमचा राहायलाच हवा अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नसतं. फिका गुलाबी रंग फ्लास्क हलवत असताना अर्धा मिनिट टिकला की एन्ड पॉइंट झाला. रीडिंग घ्या आणि पुढे चला. नंतर पाच मिनिटांनी तो फ्लास्क रंगहीन झाला तर ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं काम. तो पाण्यात विरघळून कार्बॉनिक आम्ल बनतं, पीएच ८ च्या खाली घसरतो आणि फिनॉल्फथॅलिन रंग सोडतं. त्याचा गुलाबी पल्ला साधारण ८.२ पासून सुरू होतो. त्या गेलेल्या रंगाच्या मागे लागून आणखी थेंब टाकणारे दर वर्षी निघतात आणि त्यांचं रीडिंग ०.३ ने वर गेलेलं असतं.

रंग तीस सेकंदांच्या आत, दर वेळी, थेंबामागून थेंब टाकला तरी जात असेल तर मात्र पुढे वाचा.

फुकटातल्या तपासण्या: डोळा, फनेल, बुडबुडा

ब्युरेटवर फनेल तसंच राहिलंय का? काढा. त्याच्या दांडीला लटकलेले दोन-तीन थेंब मधेच खाली पडतात, पातळी वर येते आणि रीडिंग कमी भरतं. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, आणि ब्युरेटचा लघुत्तम माप ०.१. म्हणजे दोन थेंबांत एक घर सरकलं.

कॉकच्या खाली, टोकाच्या नळीत हवेचा बुडबुडा आहे का? तो टायट्रेशन चालू असताना निसटला तर त्याच्याएवढं कॉस्टिक नळी भरण्यात जातं, फ्लास्कमध्ये पोचत नाही. एकच रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.२-०.३ ने जास्त आलं की माझी पहिली शंका बुडबुड्यावर जाते. कॉक एकदम पूर्ण उघडून जोरात धार सोडली की तो निघतो.

डोळा. ब्युरेट स्टँडला लावलेली, स्टँड ओट्यावर, आणि शून्याची खूण मुलांच्या डोक्याच्या वर. खालून बघितलं की आकडा जास्त दिसतो, वरून बघितलं की कमी. शून्य लावताना मान वर आणि शेवटचं रीडिंग घेताना वाकून, असं केलं तर दोन्ही चुका एकमेकींना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. ज्या ब्युरेटवर खुणेची रेघ गोल फिरलेली असते तिथे सोपं आहे: पुढची रेघ आणि मागची रेघ एकावर एक दिसली की डोळा सरळ आहे. मागे पांढरा कागद धरा. कॉस्टिक रंगहीन, म्हणून द्रावणाच्या पृष्ठभागाला जो वक्र येतो त्याची खालची कड वाचायची. वरची कड पोटॅशियम परमँगनेटसाठी, कारण त्याच्या गडद जांभळ्यातून खालची दिसत नाही. बारावीत परमँगनेटची सवय झालेली मुलं पुढे कॉस्टिकलाही वरची कड वाचतात. सुरुवातीला आणि शेवटी एकच कड वाचली तर वजाबाकीत फरक पडत नाही. एकदा ही आणि एकदा ती वाचली तर पडतो.

कोणतं भांडं कशाने धुतलं?

याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

ब्युरेट: शेवटचं धुणं कॉस्टिकनेच, दोनदा, थोडं थोडं घेऊन, टोकातूनही सोडून. पिपेट: शेवटचं धुणं ऑक्झॅलिकने. कॉनिकल फ्लास्क: फक्त डिस्टिल्ड वॉटरने. मुलं पहिलं आणि तिसरं नेमकं उलटं करतात. ब्युरेट पाण्याने धुऊन तशीच भरतात आणि फ्लास्क “स्वच्छ व्हावा” म्हणून आम्लाने विसळतात.

ब्युरेटमध्ये धुण्याचं २ मिली पाणी राहिलं तर ५० मिली कॉस्टिक ४ टक्के पातळ झालं. १०.० च्या जागी १०.४ येईल. नवं द्रावण आत येत जाईल तसा फरक कमी होतो, म्हणून रीडिंगं उतरत्या जिन्यासारखी दिसतात. लक्षणांतलं तिसरं हेच. उलट, फ्लास्क आम्लाने विसळला आणि अर्धा मिली भिंतींना राहिला तर पिपेटने १० मिली घालूनही आत १०.५ मिली आम्ल आहे. प्रत्येक वेळी राहणारं आम्ल वेगळं, म्हणून रीडिंगं विखुरतात.

फ्लास्क ओला असला तर? काही बिघडत नाही. मोजलंय ते आम्ल, आणि ते तेवढंच राहतं. फ्लास्कच्या भिंतीवर उडालेले थेंब वॉश बॉटलने खाली ढकलले तरी रीडिंग बदलत नाही. हे सांगितलं की मुलं अविश्वासाने बघतात. मग मी एकदा २० मिली आणि एकदा ५० मिली डिस्टिल्ड वॉटर जास्त घालून दोन रीडिंगं घ्यायला लावतो. दोन्ही सारखीच येतात.

दर्शक

रंग येतच नसेल तर आधी दर्शक घातलाय का ते आठवा. हसू नका, सगळ्यात जास्त वेळा हेच असतं. घातला असेल तर परीक्षानळीत थोडं कॉस्टिक घेऊन त्यात दर्शकाचा एक थेंब टाका. गडद गुलाबी झालं तर दर्शक ठीक. पहिल्याच थेंबाला रंग येत असेल तर फ्लास्कमध्ये आम्ल गेलेलंच नाही, किंवा भांडं सोड्याने धुऊन नीट विसळलेलं नाही.

फिनॉल्फथॅलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून अल्कोहोलमध्ये बनवतात. दहा-बारा थेंब घातले तर ते पाण्यात येऊन गढूळपणा येतो. शिवाय ते स्वतःच एक दुर्बल आम्ल आहे, थोडं कॉस्टिक तेही खातं. दोन थेंब, फार तर तीन, आणि प्रत्येक रीडिंगला तेवढेच.

बाटलीत चुकून मिथिल ऑरेंज असेल तर वेगळंच चित्र दिसतं. ते ३.१ ते ४.४ या पीएचमध्ये रंग बदलतं. ऑक्झॅलिक आम्लाचे दोन हायड्रोजन एकदम सुटत नाहीत, पहिला सहज सुटतो आणि दुसरा चिवट असतो. त्या दुसऱ्याचं उदासिनीकरण चालू असतानाच मिथिल ऑरेंज बदलायला लागतं. साडेपाचच्या आसपासपासून आठ मिलीपर्यंत रंग रेंगाळत केशरी-पिवळा होतो आणि नेमका कुठे थांबायचं ते कळत नाही. “सर, माझा एन्ड पॉइंट लांबलाय” असं कुणी म्हणालं की बाटलीचं लेबल बघायचं.

ब्युरेट गळते का, पिपेट लबाडी करते का

ब्युरेट शून्यापर्यंत भरा, कॉक बंद करा, टोक फिल्टर पेपरने टिपून कोरडं करा आणि दहा मिनिटं तिच्याकडे बघू नका. पातळी सरकली किंवा टोकाला थेंब आला तर ती गळते. काचेचा कॉक असेल तर काढून पुसा, छिद्राच्या दोन्ही बाजूंना व्हॅसलीनचा अगदी पातळ पट्टा लावा, बसवून फिरवा. लोण्यासारखं थापलं तर व्हॅसलीन छिद्रात जातं आणि टोक बुजतं. पांढऱ्या टेफ्लॉनच्या कॉकला ग्रीस लावायचं नाही, त्याची नटाची चकती अर्धा फेरा आवळायची.

काचेचा कॉक फिरतच नसेल तर गेल्या वर्षीचं कॉस्टिक त्यात तसंच राहिलंय. कॉस्टिक काचेला हळूहळू खातं आणि सांधा चिकटवून टाकतं. म्हणूनच पूर्वी कॉस्टिकसाठी रबरी नळी आणि चिमट्याची ब्युरेट वेगळी ठेवत. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या कार्ल फ्रिडरिख मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. मला ती अजूनही आवडते: नळी फुगली, चिकट झाली की दोन इंच तुकडा बदलायचा, काम झालं.

पिपेटमध्ये दोन गोष्टी. द्रावण आपोआप सोडायचं, टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवायचं आणि टोकात उरलेला शेवटचा थेंब फुंकायचा नाही. साध्या पिपेटचं माप तो थेंब वगळूनच केलेलं असतं. एकदा फुंकला, एकदा नाही, की रीडिंगं नाचली. दुसरं, रिकामी झाल्यावर आत बारीक थेंब चिकटून राहत असतील तर ती आतून तेलकट आहे. कोमट साबणाच्या पाण्यात तासभर ठेवून नीट विसळा. आणि तोंडाने ओढणं बंद. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, रबरी बल्ब स्वस्तात मिळतो.

इथपर्यंत सगळं करून रीडिंगं ०.१ च्या आत आली असतील तर प्रश्न मिटला. तीन वेळा हुबेहूब १०.०, १०.०, १०.० असं जर्नलमध्ये लिहिलेलं दिसलं की मला उलट संशय येतो. माणसाच्या हाताला ९.९५, १०.०, १०.० शोभतं.

आता बाटल्या. आधी पाण्याची

रीडिंगं जुळतायत आणि तरी आकडा चुकतोय, किंवा द्रावण गढूळ आहे, तर बाटल्यांकडे वळायचं.

पुष्कळ ठिकाणी डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये प्रत्यक्षात काय भरलंय हे कुणीच विचारत नाही. डिस्टिलेशनचं यंत्र बंद पडलं की शिपाई पिण्याच्या आरओचं पाणी भरतो, कधी सरळ नळाचं. आपल्याकडे बेसॉल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटने जड झालेलं असतं. ओळखायची परीक्षा तुमच्या हातातच आहे. परीक्षानळीत संशयित पाणी घ्या आणि ऑक्झॅलिकचे काही थेंब टाका. कॅल्शियम असेल तर कॅल्शियम ऑक्झॅलेट पांढरं होऊन खाली बसायला लागतं, थोडं थांबून काळ्या कागदासमोर धरलं की धूर दिसतो. कॉस्टिकची बाटली तळाला पांढरट असेल तर तीही अशाच पाण्यात बनवलेली असण्याची शक्यता मोठी.

जड पाणी रीडिंग किती बिघडवतं, हे विचित्र आहे. समजा पाण्याची क्षारता लिटरला ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी आहे आणि फ्लास्कमध्ये ते २० मिली गेलं. त्यातलं बायकार्बोनेट १.२ मिली आम्ल खाऊन टाकेल. पण त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यातच राहिला तर पुढे कॉस्टिक त्याला परत बायकार्बोनेट करतं, आणि हिशोब जवळपास जुळतो. जेवढा वायू हलवताना उडून गेला तेवढाच फरक. म्हणजे जोरात फ्लास्क फिरवणाऱ्याचं रीडिंग कमी आणि हलक्या हाताने फिरवणाऱ्याचं बरोबर, एकाच कॅनमधल्या पाण्यावर. शेजारच्या दोन मुलांत वाद लागतो आणि दोघांचंही काही चुकलेलं नसतं.

खऱ्या डिस्टिल्ड वॉटरबद्दलही एक शंका नेहमी येते: पीएच पेपरवर ते ७ च्या खाली का दाखवतं? हवा लागलेल्या शुद्ध पाण्याचा पीएच साधारण ५.६ असतो, विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तो रंग थोडा मंद करेल, रीडिंग बिघडवण्याइतका नसतो. तरी खटकत असेल तर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा आणि झाकून गार करा.

कॉस्टिकची बाटली: खरा गुन्हेगार बहुधा इथेच

वजनकाट्यावर घड्याळकाचेत कॉस्टिकचे फ्लेक्स ठेवून रांगेत पाच मिनिटं थांबा. फ्लेक्सच्या कडा ओल्या चमकायला लागतात, मग काचेला चिकटतात. हवेतलं पाणी ते ओढतात आणि त्याबरोबर आकडा हळूहळू वर सरकत राहतो. शिवाय कार्बन डायऑक्साइडही ओढतात आणि वरून सोडियम कार्बोनेट होत जातात. जुन्या बाटलीच्या तोंडाशी जमलेली पांढरी पापडी तीच. म्हणून लिटरला ४ ग्रॅम मोजून घातले म्हणजे ०.१ नॉर्मल झालं, असं कॉस्टिकच्या बाबतीत कधीच धरायचं नाही.

समजा दहा टक्के कॉस्टिकचं कार्बोनेट झालं. फिनॉल्फथॅलिन कार्बोनेटला अर्धंच मोजतं, बायकार्बोनेटपर्यंत. तुमचं ०.१ त्याच्या लेखी ०.०९५ झालं आणि रीडिंग १०.० चं १०.५. तेच द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर मिथिल ऑरेंज घालून तपासलं तर पूर्ण ०.१ दाखवतं, कारण मिथिल ऑरेंज कार्बोनेट शेवटपर्यंत मोजतं. एकाच बाटलीची दोन दर्शकांनी दोन उत्तरं येतात ती अशी.

रंग टिकत नाही तेही याच कारणाने. कार्बोनेट आम्लात पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आम्ल व्हायला काही सेकंद घेतो. थेंब पडतो, गुलाबी होतं, तोवर मागून नवं आम्ल तयार होऊन येतं आणि रंग जातो.

खात्री करायची तर १० मिली कॉस्टिक फ्लास्कमध्ये घ्या, ब्युरेटमध्ये ०.१ हायड्रोक्लोरिक आम्ल. फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग गेला की रीडिंग लिहा. त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज घाला आणि पिवळ्याचं केशरी होईपर्यंत पुढे जा. कॉस्टिक चांगलं असेल तर मधे एक-दोन थेंबांचा फरक. अर्धा मिली लागलं तर वरच्या हिशोबातलं दहा टक्के कार्बोनेट तुमच्यासमोर आहे.

दुपारच्या बॅचचं गूढही इथेच सुटतं. सकाळी बीकरमध्ये काढलेलं कॉस्टिक उघडंच राहतं, आणि उरलेलं कुणीतरी काटकसर म्हणून मोठ्या बाटलीत परत ओततं. ते बेसिनमध्ये जाऊ द्या, मागे भरपूर पाणी सोडा. बाटली प्लास्टिकची, घट्ट झाकणाची. काचेचं बूच चिकटून बसतं.

नवं बनवताना उकळून गार केलेलं पाणी घ्या. पाण्यात फ्लेक्स थोडे थोडे टाका, फ्लेक्सवर पाणी ओतू नका, चांगलंच तापतं. ते बीकरमध्ये विरघळवून गार झाल्यावरच मेजरिंग फ्लास्कमध्ये भरायचं. गरम असताना खुणेपर्यंत भरलं तर गार झाल्यावर पातळी खाली येते आणि द्रावण ठरल्यापेक्षा तीव्र निघतं.

आणि हे करूनही १०.२ आलं तर? मग तुमच्या कॉस्टिकची ताकद ०.०९८ आहे. तेच शोधायला हे टायट्रेशन असतं. लेबल पुसून तो आकडा लिहा.

शेवटी ऑक्झॅलिक

हे आम्ल आपण प्रमाण मानतो, म्हणून त्याच्यावर शंका घ्यायची पाळी शेवटी. पण आकडा भलता असेल तर तोच बोलतो. बाटलीवर दोन रेणू पाण्याचं ऑक्झॅलिक असेल तर रेणुभार १२६, बिनपाण्याचं असेल तर ९०. हिशोब १२६ चा आणि बाटली ९० ची असेल तर आम्ल १.४ पट तीव्र: रीडिंग १४. हिशोब नॉर्मलऐवजी मोलरचा केला (ऑक्झॅलिकचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो, म्हणून त्याचं मोलर द्रावण नॉर्मलच्या दुप्पट तीव्र), लिटरला ६.३ ऐवजी १२.६ ग्रॅम घातले, तर रीडिंग २०. हे दोन आकडे दिसले की ब्युरेट उघडून बघायची गरज नाही.

वजनातही एक खोच आहे. १०० मिलीसाठी ०.६३ ग्रॅम लागतं. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर तेवढ्यानेच दीड टक्क्याची चूक झाली. २५० मिलीसाठी १.५७५ ग्रॅम घ्या, किंवा ५०० मिलीसाठी ३.१५. पंखा बंद करा, काट्याचा पाण्याचा बुडबुडा मध्यावर आहे का बघा.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

माहीत असलेलं वजन ठेवल्यावर काटा चुकीचा आकडा दाखवत असेल, किंवा तेच वजन दोनदा ठेवून दोन आकडे येत असतील, तर तो उघडू नका. सर्व्हिसवाल्याला बोलवा आणि तोवर त्यावर “वापरू नये” असा कागद चिकटवा.

डिस्टिलेशनच्या यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, कॉइल लाल होऊन ठिणगी उडत असेल, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन. पाणी आणि वीज एकत्र आहे तिथे रसायनशास्त्राची पदवी कामाची नाही.

चिकटलेला काचेचा कॉक किंवा बूच पक्कडीने फिरवायचं नाही. काच हातातच फुटते. कोमट पाण्यात ठेवून सुटलं तर ठीक, नाहीतर ती ब्युरेट गेली असं समजा.

तेलकट काच धुवायला कपाटातलं जुनं केशरी क्रोमिक आम्ल मुलांनी काढायचं नाही. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि ते कुठे टाकायचं हाही प्रश्नच असतो. विभागप्रमुखांना सांगा. संहत सल्फ्युरिक आम्लाची बाटली फुटली, सांडली तरी तसंच: वर्ग रिकामा करा, ज्याला ते निस्तरायचं शिक्षण आहे त्यालाच आत जाऊ द्या.

कॉस्टिक डोळ्यात उडालं तर टायट्रेशन, रीडिंग, जर्नल सगळं सोडून लगेच वाहत्या पाण्याखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान वीस मिनिटं. व्हिनेगर, बोरिक असलं काही उलटं आम्ल घालू नका. कॉस्टिक आम्लापेक्षा डोळ्याला जास्त घातक, कारण ते ऊतीत खोल शिरत जातं आणि सुरुवातीला दुखणं कमी वाटलं तरी इजा चालू असते. धुतल्यावर बरं वाटलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यायचंच. कुणी धुवत असताना दुसऱ्याने रिक्षा बोलवावी आणि बाटलीवरचं नाव व तीव्रता कागदावर लिहून बरोबर द्यावी, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.